छोटा हत्ती अर्धाच भरला

शहराचं तापमान म्हणून रोज पेपरात छापून येतो तो आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेचा असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो चाळिशीच्या आसपास असतो आणि त्याच आठवड्यात इथल्या वसाहतींमधून कोयते निघतात. मिरग तोंडावर आलेला असतो. वळवाच्या वाऱ्यानं एखादी फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडलेली असते. मग वर्षभर ज्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, ती झाडं सगळ्यांना एकदम आठवतात.

अशाच एका सकाळी, साडेसहाला, एका बंगल्याच्या फाटकात दोघं उभे आहेत. त्यांची नावं सांगण्यात काही हशील नाही. अशी जोडी जालना रोडच्या दोन्ही अंगांना, एमआयडीसीच्या मागच्या कुठल्याही गल्लीत सापडेल. घराच्या मालकीणबाई कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून गल्लीत त्या ‘मॅडम’. समोरचे गृहस्थ जालन्याजवळच्या कडवंचीच्या बाजूचे. तरुणपणी द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीबरोबर राबले, आता बंगल्यांची आणि कारखान्यांच्या आवारांची बागकामं घेतात. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. मामांच्या मागं रिकामा छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, उभा आहे, फांद्या भरून न्यायला.

आवारात मोठा कडुनिंब, वायरीला टेकलेला गुलमोहर, फळं नुकतीच उतरवलेलं केशर आंब्याचं एक झाड आणि पुढच्या भिंतीलगत मेंदीचं कुंपण. वाद सुरू झाला तो निंबावरून.

“लिंब वरून अर्धा घेऊ, मॅडम. मिरगाच्या वाऱ्यात घरावर आला तर मग मला बोल लावू नका.”

“अर्धा? मामा, झाड आहे ते. दाढी नाही.”

“दाढीवानीच फुटतंय की. दोन महिन्यांत बगा, हिरवंगार.”

मॅडमचं म्हणणं साधं होतं: झाडाला कापायचंच कशाला? दहा वर्षांत त्यांनी निंबाला कोयता लावू दिला नव्हता. रानातली झाडं कोण छाटतं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मामांचं उत्तरही तयार होतं. रानातल्या झाडाखाली कुणी गाडी लावत नाही, झोपाळा बांधत नाही, पाण्याची टाकी ठेवत नाही. आवारात लावलेलं झाड हे रानातलं राहिलेलंच नसतं. आणि कापल्यानं झाड मरतं म्हणावं तर जालना जिल्ह्यात तुतीची शेती करणारे शेतकरी ती बुडापासून कापतात, वर्षातून अनेकदा कापतात, आणि त्याच पाल्यावर वाढलेले रेशीमकोष जालन्याच्या बाजारात विकतात. बांधावरचं गिरिपुष्प दरवर्षी छाटून खतासाठी शेतात टाकतात. शेळ्यांसाठी लिंबाच्या डहाळ्या तर सगळं गाव ओरबाडतं.

मामांचा हा मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नाही. झाड फुटतं, हे खरंच आहे. प्रश्न फुटवा कुठून येतो हा आहे, आणि तिथं मॅडमच्या जुन्या धड्यांना धार आली.

“मामा, अर्ध्यावर तोडलेल्या फांदीला जे फुटतं, त्याला तुम्ही काय म्हणता?”

“पानसोट. मोसंबीत तर लई येतात.”

“मोसंबीतले ठेवता का?”

“छे! काढून टाकावं लागतंय. नुसतं खातंय, फळ देत न्हाई.”

“मग माझ्या निंबावर डझनभर पानसोट आणून सोडायचा विचार आहे तुमचा.”

नैसर्गिकपणे वाढलेली फांदी खोडात खोलवर रुजलेली असते. दरवर्षी खोडाचं नवं लाकूड आणि फांदीचं नवं लाकूड एकमेकांवर थर चढवतात, सुताराच्या चांगल्या सांध्यासारखे. तोडलेल्या टोकाशी फुटणारे पानसोट मात्र सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यांतून, म्हणजे सुप्त अंकुरांतून, येतात. त्यांची मुळं वरच्या थरातच असतात. ते सरळ, झपाट्यानं, दाटीनं वाढतात. तीन-चार वर्षांत मनगटाएवढे जाड होतात, आणि तोवर खालचं तोडलेलं टोक कुजायला लागलेलं असतं. वादळात झाड पडू नये म्हणून जे कापलं, त्यानंच वादळात मोडणाऱ्या फांद्यांची नवी पिढी तयार होते. शिवाय अर्धा निंब उडवला म्हणजे अर्धा स्वयंपाक बंद केला. पानं हीच झाडाची चूल. अमेरिकेतल्या वृक्षनिगेच्या मानकात एका वर्षात चौथाईहून जास्त पालवी काढू नये असा दंडक बरीच वर्षं होता. म्हाताऱ्या झाडांबाबत तर त्याहूनही हात आखडता. त्यात इकडचं मेचं ऊन. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली आतली साल एकदम उघडी पडली की भाजते, तडकते, आणि तडकलेल्या सालीत खोडकिडा शिरतो.

इथं एका अमेरिकन माणसाचं नाव घ्यावं लागतं. ॲलेक्स शायगो हा तिथल्या वनखात्यातला वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. कुजणारी झाडं आडवी कापून सगळेच पाहत. यानं यांत्रिक करवत हाती घेऊन ती उभी चिरली, आणि एक-दोन नव्हे, हजारो. 1977 साली त्यानं जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: माणसाची जखम भरते, झाडाची भरत नाही. तिथली पेशी पुन्हा नवी होत नाही. झाड त्या जखमेभोवती आतल्या आत भिंती उभारतं, कुजलेला भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून पुढं निघून जातं. म्हणजे निंबाला तीस वर्षांपूर्वी बसलेला कोयता आजही त्याच्या पोटात आहे, फक्त भिंतीआड. आणि भिंत उभारायची सगळ्यांत पक्की जागा झाडानं आधीच ठरवून ठेवलेली असते: फांदी जिथून निघते तिथली ती फुगीर, सुरकुतलेली वळी. करवत त्या वळीच्या बाहेर चालली तर भिंत लवकर उभी राहते. वळीसकट सपाट कापलं तर खोडालाच भोक पडलं. हातभर लांब ठेवून कापलं तर वाळलेली खुंटी राहते, ती कुजते, आणि त्या कुजीच्या वाटेनं पाणी आत जातं.

मॅडमनी हे सगळं सांगितलं, थोडं वर्गात सांगावं तसं. मामा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा काही बदलला नाही. मग मॅडमनी विचारलेला प्रश्न जरा चुकून लागला, पण नेमका लागला.

“द्राक्षबागेत पण तुम्ही असंच अर्धं-अर्धं तोडायचात का?”

मामा दुखावले. “द्राक्षात? मॅडम, तिथं डोळा मोजून कापतेत.”

मराठी मुलखात छाटणी म्हणजे नुसतं तोडणं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं द्राक्षाच्या बागेत एक दिवस उभं राहावं. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. इथं वेलीला झोपच येत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची रीत बसवली. एप्रिलात खरड छाटणी: ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या हातांवरच्या, काड्या एका-दोन डोळ्यांवर आणायच्या, त्यातून फळ धरणारी काडी घडवायची. मग साधारण ऑक्टोबरात गोडी छाटणी: फळ कुठल्या डोळ्यातून येणार ते ओळखून बरोबर तिथं कापायचं. हा डोळा नुसत्या अंदाजानं धरत नाहीत. गोडी छाटणीच्या आधी जागरूक बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथं डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते पाहतात, आणि मग सांगतात, अमुक डोळ्यावर छाटा. एक डोळा इकडचा तिकडं झाला तर घड जातो.

म्हणजे ज्या मुलखात काडीतला डोळा सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, त्याच मुलखात पन्नास फुटी निंबाचं डोकं कोयत्यानं उडवताना कुणी खालून वर दोन मिनिटं बघतही नाही. आणि दोन्हीकडे हात कधीकधी एकच असतो. मामांचा हा विरोधाभास त्यांच्या अडाणीपणातून आलेला नाही. त्यांना कळतं. मग असं का, असं विचारल्यावर त्यांनी छोट्या हत्तीकडे बोट केलं.

“तिथं मालक घड मोजतंय. इथं मालक ट्रॉली मोजतंय.”

हा हिशेब ज्यानं कधी बागकाम अंगावर दिलंय त्याला लगेच कळेल. दिवसभराचे पैसे ठरलेले. संध्याकाळी गाडी फांद्यांनी ओसंडून वाहत असली की मालकाला काम झाल्यासारखं वाटतं. गाडी अर्धीच भरली तर वाटतं, एवढ्यासाठी एवढे पैसे? एक-एक फांदी बघून, दोर लावून, तीन घाव घालून काढायला सगळा दिवस जातो. डोकं उडवायला दोन तास पुरतात. जाड ओंडके जळणाला जातात, तेही मजुरीत धरलेले. थोडक्यात, जितकं वाईट काम तितका जास्त मेहनताना. या बाबतीत मामांना दोष देण्याआधी गिऱ्हाइकांनी स्वतःच्या डोळ्यांना जरा सवय लावून घ्यावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत.

कायद्याचाही विषय निघाला. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड ‘तोडणे’ म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात धरलंय. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची अट घातली. म्हणजे आवार आपलं असलं तरी निंबाला मोठा हात लावायचा तर महापालिकेच्या उद्यान विभागाची पायरी चढावी लागते. मामांना हे माहीत होतं, पण त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: बारकी डहाळी काढायलाही कागद करायचा का? दिल्लीत हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला. तिथं 15.7 सेंटिमीटरपर्यंत घेराच्या फांद्या परवानगीशिवाय छाटायची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वं होती. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. 15.7 चा घेर म्हणजे व्यास साधारण 5 सेंटिमीटर, हे मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं. मामांनी आपल्या अंगठ्याशेजारी दुसरा अंगठा धरून मापून पाहिला आणि मान डोलावली. एवढ्या जाडीपर्यंतची जखम झाड लवकर झाकतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

पण मामांकडे एक हुकमी पान शिल्लक होतं. 2017 च्या जुलैत मुंबईत चेंबूरला सकाळच्या वेळी रस्त्यानं चाललेल्या बाईंच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ती चित्रफीत तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. “झाडाला हात लावू नका म्हणणारं कुणी तवा पुढं आलं न्हाई,” मामा म्हणाले. मॅडम काही बोलल्या नाहीत. मामांनी मग त्यांना निंबाच्या बुंध्याशी नेलं आणि वर बोट दाखवलं. फाटकाच्या बरोबर वर, पालवीच्या आड, मांडीएवढी जाड एक फांदी पूर्ण वाळली होती. साल सुटून लोंबत होती. दहा वर्षं झाडाला हात न लावण्याच्या सेवेतून ती तिथं राहिली होती. मॅडम रोज तिच्याखालून दूध आणायला जात होत्या.

“ही कधी काढायची? दिवाळीनंतर?” मामांनी विचारलं. टोमणा होता, आणि तो लागला.

वाळलेलं लाकूड, चिरफाळलेली फांदी, एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली दुबळी, हे काढायला मुहूर्त लागत नाही. मेतही काढावं, भर पावसातही. हिरवी, धडधाकट फांदी आकारासाठी काढायची असेल तर मात्र वेळ बघावी. निंबाची पानं शिशिरात झडतात, गुढीपाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी आणि मोहोर येतो. त्या पालवीसाठी झाडानं साठवलेली सगळी शिदोरी खर्च झालेली असते. अशा वेळी वर कोयता म्हणजे पगाराच्या आदल्या दिवशी घरात चोरी. आंब्याचं गणित वेगळं. फळ उतरलं की लगेच हलकी छाटणी, म्हणजे पावसावर येणाऱ्या पालवीला पुढच्या मोहोरासाठी पक्व व्हायला वेळ मिळतो. मामांनी केशराच्या मधल्या दाटीतल्या दोन फांद्या सिकेटरनं आणि छोट्या करवतीनं काढल्या, इतक्या सफाईनं, की मॅडमना पुढचं सांगायची गरज पडली नाही. ऊन आता आतपर्यंत पोचत होतं.

निंबाची वाळकी फांदी निघाली ती पाहण्यासारखी. मामांनी आधी खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूनं करवत चालवली, चौथाईभर खोल. मग त्याच्या जरा पुढं वरून. फांदी कडाडली आणि दोराला लोंबकळत हळूहळू खाली आली. सालीची एक चिरही बुंध्यावर फाटली नाही. खालचा तो पहिला घाव नसता तर पडणाऱ्या वजनानं साल पार बुंध्यापर्यंत सोलत नेली असती. उरलेली खुंटी मामांनी तिसऱ्या घावानं काढली. करवत कुठं लावायची ते त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं.

“ह्याला आमी गळा म्हणतो,” ते म्हणाले. “गळ्याला धार लावायची न्हाई.”

शायगोनं हजारो झाडं चिरून जे सांगितलं, ते मामांच्या बोटांत आधीच होतं. मॅडमनी तसं बोलूनही दाखवलं.

यानंतर पुन्हा ठिणगी पडली ती जखमेवर लावायच्या लेपावरून. मामांनी पिशवीतून बोर्डो पेस्ट काढली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मॅडम म्हणाल्या, काही लावू नका, उघडीच बरी. ऑइलपेंट आणि डांबर यांच्याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. अशा लेपाखाली ओल कोंडते आणि कूज लेपाआड निवांत वाढते; शायगोनंही याविरुद्ध आयुष्यभर सांगितलं. बोर्डोचं तसं नाही, ते बुरशीनाशक आहे, आणि फळबागांत आजही कृषी विद्यापीठं ते सांगतात. त्याचा जन्मही द्राक्षातलाच, हे मामांना माहीत नव्हतं. फ्रान्समध्ये बोर्डो शहराकडच्या बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी घड तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचा कडवट निळा राबडा शिंपायचे. 1882 मध्ये मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की केवडा रोगानं बाकी बाग झडली तरी रस्त्याकडेच्या या निळ्या वेलींची पानं टिकून आहेत. मामा खूश झाले. केवडा म्हटल्यावर त्यांना जणू जुना शत्रू भेटला. शेवटी ठरलं ते असं: आंब्याच्या कापांना बोर्डो, निंबाला काही नाही.

गुलमोहराला कुणी हात लावला नाही. त्याची फांदी वीजवाहिनीला टेकलेली होती, आणि चालू वाहिनीजवळ ओल्या फांदीवर करवत चालवणं हे बागकाम करणाऱ्याचं कामच नव्हे. वीज कंपनीला कळवायचं, वाहिनी बंद करून तिच्या माणसांनी ती काढायची. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष आपल्याकडे इतका रुळलाय की तो परका वाटत नाही, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. अंगणात लावायचा तर घर आणि वायर दोन्हींपासून लांबच.

मुळांवरून आठवलं. निंबाच्या बुंध्याला चारही बाजूंनी अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी नळाच्या पाइपासाठी त्याच्या एका अंगानं चर खणलेला. मामांनी कोयत्याच्या मुठीनं ब्लॉक ठोकून पाहिले.

“मॅडम, डोकं कापू नका म्हणता, पन पाय तर तुमीच कापलेत.”

दिल्लीत 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर अंतरात काँक्रीट ठेवू नये असं बजावलं होतं. कारण साधं आहे. पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात, आणि इथं तर फूट-दोन फूट मातीखाली मुरूम लागतो. मुळांना खाली जायला जागाच नाही. एका बाजूची मुळं चरात तुटली की त्या बाजूचा दोर सुटला. वादळात झाडं मुळासकट उलथतात ती बरेचदा अशी. वरून कितीही छाटा, खालचा प्रश्न तसाच राहतो. मॅडमनी पेव्हर ब्लॉकवाल्याला त्याच दुपारी फोन लावला.

मेंदीच्या कुंपणाचं काम सगळ्यांत शेवटी, आणि तिथं दोघांत वाद झालाच नाही. कुंपण वर गच्च आणि बुडाशी उघडं पडलं होतं, कुत्री आत-बाहेर करत होती. वरचा भाग रुंद ठेवला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती झडतात, ही खोड बहुतेक कुंपणांची. मामांनी दोन टोकांना काठ्या रोवून सुतळी ताणली, आणि कुंपण बुडाशी रुंद, माथ्याशी निमुळतं असं कापत आणलं. बुडाशी पालवी धरायला एक पावसाळा जाईल म्हणाले.

दुपारी दोनला काम आटोपलं. निंबाच्या वर, मधल्या दाटीत, मामांनी चुन्याचे तीन ठिपके मारले होते. त्या तीन फांद्या दिवाळीनंतर, महापालिकेचा कागद हातात आल्यावर. पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण दिवसाचे. छोट्या हत्तीत एक वाळका ओंडका, थोड्या आंब्याच्या डहाळ्या आणि मेंदीच्या कात्रणाचा ढीग. अर्धी गाडी रिकामी.

शेजारच्या गच्चीवरून एक गृहस्थ सकाळपासून बघत होते. गाडी सुरू होताना त्यांनी वरून हाक दिली.

“मामा, उद्या आमचा पण निंब बघा हो. पण जरा नीट तोडा, हे असं एवढंसंच नको.”

मामांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम तोवर चप्पल घालून शेजारच्या फाटकाकडे निघाल्या होत्या.